अंगणातलं ऊन

"पाल पडलीय यात, पाल! मी या डोळ्यांनी बघितली!" असं ओरडत माझ्या धाकट्या जावेने माझी कोकमाची बरणी उचलली आणि नागावच्या समुद्राकडच्या रस्त्यावर उलटी केली. लाल पाक वाळूत मुरला. सरबताचे पेले हातात घेऊन उभी असलेली गिऱ्हाइकं आधी पेल्यात बघायला लागली, मग माझ्याकडे. एका बाईने तोंडातला घोट तिथेच थुंकला.

पाल नव्हती. बरणीच्या तोंडाला मी फडकं बांधते. ते सोडल्याशिवाय आत मुंगी जात नाही. त्या दिवशी माझ्याकडे गर्दी होती आणि शेजारच्या टेबलावर तिच्या आंबापोळ्यांवर माशा बसल्या होत्या, एवढंच झालं होतं.

मी भांडले नाही. टेबल मिटलं आणि घरी आले. आमच्या वाडीत माड-पोफळी इतक्या दाट आहेत की दिवसभर जमिनीला ऊन लागत नाही. ऊन फक्त माझ्या अंगणात पडतं. सगळ्या आळीचे पापड, आमसुलं, पोळ्या तिथेच वाळायच्या. जावेच्यासुद्धा. वाळत घालायला कोणी कोणाला नाही म्हणत नाही, ही आमच्याकडची रीत. मीही नाही म्हटलं नाही.

रेवसच्या बाजूने ओला जवळा, बारीक कोळंबी, येतो. तो मी पाट्या भरून आणला आणि सकाळी ऊन यायच्या आत अंगणभर पसरला. बाकीच्या बायकांना सांगितलं, तुमचं सामान माझ्या पडवीच्या पत्र्यावर घाला. पत्रा तेवढ्यानेच भरून गेला. जाऊ रसाची ताटं डोक्यावर घेऊन आली आणि बांधावरच थांबली.

"अगो बाई, हे काय? माझी ताटं कुठे ठेवू?"

"ठेव की मधी," मी म्हटलं. "जवळ्याला काय तुझ्या आंब्याचं वावडं न्हाय."

ती ताटं घेऊन परत गेली. आंब्याच्या पोळीला मासळीचा वास लागला तर कुत्रंही खात नाही, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

संध्याकाळी दीर आला.

"वयनी, अंगण केवढं मोठं हाय. एक कोपरा द्या तिला."

"कोपऱ्यात पाल हाय, भावजी."

तो आल्या पावली परत गेला. त्याला सगळं माहीत होतं, पण बायकोपुढे त्याचं काही चालत नसे.

तिने ताटं विहिरीच्या कठड्यावर ठेवली, तर पोळीला बुरशी आली. मग चुलीच्या वर शिंकाळ्यात टांगली. पोळी वाळली, पण तिला धुराचा वास लागला. होमस्टेवाल्या पाहुण्यांनी एक तुकडा चाखला आणि बाकीचं तसंच टेबलावर टाकून गेले. मी शेजारीच सरबत ढवळत होते. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. त्या मोसमातच तिचं टेबल उठलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिने पुन्हा आंबे आणले. मी पुन्हा जवळा आणला. माझ्या घरात तो खाणारं कोणी नव्हतं. मुलगा न्हावा शेव्याला कामाला, सून मासळीला हात लावत नाही. वाळवायचा आणि आळीत वाटायचा, हेच दरवर्षी चाललं. वाटताना बायका हसून म्हणायच्या, "बाय, जावेच्या घरी दिलास का?" मी म्हणायचे, "तिला वास आवडत न्हाय."

एकदा ती बांधापर्यंत आली होती. हातात ताट नव्हतं. म्हणाली, "ताई, पाल नव्हती."

"मला म्हाईत हाय," मी म्हटलं आणि जवळा उलटवत राहिले. त्या दिवशीची गिऱ्हाइकं कुठल्या कुठे गेली होती. त्यांना कोण सांगणार?

गेल्या पावसाळ्यात जाऊ वारली. यंदा मी जवळा आणला नाही. बाकीच्या बायका अजून पत्र्यावरच वाळत घालतात. अंगणात माझी कोकमाची बरणी एकटीच उन्हात आहे. ती गेली, मी आहे.