ओल्या हाताचं झाकण

कारखान्यात तिला सगळे झाकणमावशी म्हणत. एकवीस वर्षं ती एका खुर्चीवर बसून थर्मासची झाकणं फिरवून बघत होती. उघड, लाव, उघड, लाव. मनगट ठणकायचं, पण खुर्ची होती. गुडघे कामातून गेलेल्या बाईला खुर्चीचं मोल कुणी सांगावं लागत नाही. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. तेवढे बसून निघाले की झालं, एवढंच तिचं मागणं.

त्यात नवा थर्मास आला. देखणा. झाकण अंड्यासारखं गुळगुळीत, जुन्या झाकणावरच्या खाचा काढून टाकलेल्या. मावशीनं एक नमुना विचारून घरी नेला. म्हाताऱ्या आईनं कप विसळता विसळता तो हातात घेतला आणि बराच वेळ झटापट केली.

"अगं, यातला चहा प्यायचाय की जपून ठेवायचाय?"

दुसऱ्या दिवशी मावशीनं तपासणीच्या कागदावर लिहिलं, 'ओल्या हातानं उघडत नाही.' सहीची जागा कोरी ठेवली.

डिझाइनवाले साहेब स्वतः आले. तिच्या भाच्याच्या वयाचे.

"मावशी, शंभरपैकी शंभर उघडली."

"कोरड्या हातांनी. तुम्ही हात ओले करून बघा ना."

साहेबांनी नळाखाली हात धरले. झाकण दोनदा सटकलं. मग त्यांनी रुमाल काढला, एकेक बोट नीट पुसलं आणि झाकण फिरवलं.

"उघडलं की!"

"साहेब, तुमच्या घरी थर्मास कोण धुतं?"

"धुतलेलाच असतो."

"कुणीतरी धुतं. त्याचे हात ओले असतात."

साहेब गेल्यावर मुकादम जवळ आला. "मावशी, तुमच्या सहीवाचून माल अडलाय. जाता जाता कशाला नसती उठाठेव? मारा सही, नाहीतर पॅकिंगला पाठवतील."

तिनं पेन उचललंसुद्धा. पण मागे एका थर्मासचा दांडा तापायचा, तेव्हा ती गप्प बसली होती. ते सगळे थर्मास परत आले ते तिच्याच टेबलावर. एकेक हातात घेताना कुणाचं तरी भाजलेलं बोट आठवायचं. तिनं पेन खाली ठेवलं.

सोमवारी खुर्चीत दुसरी बाई होती. मावशी पॅकिंगला, उभ्यानं. तिचं म्हणणं अगदीच वाया गेलं नव्हतं म्हणा. प्रत्येक खोक्यात आता एक चिठ्ठी जात होती, 'झाकण उघडण्यापूर्वी हात कोरडे करावेत.' चिठ्ठ्या घालायचं काम तिच्याकडेच आलं.

संध्याकाळी ती गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली.

"काय म्हणाले गं तुझे साहेब?" आईनं विचारलं.

"म्हणाले, हात पुसा."

"बरं झालं सांगितलं. आम्ही आपले तसेच मेलो असतो."

आईनं थर्मास पुढे केला. नमुना कुणी परत मागितला नव्हता. झाकणाभोवती तिनं सुतळीचे चार वेढे घट्ट गुंडाळले होते. मावशीनं बादलीत हात बुडवला आणि झाकण फिरवलं. उघडलं.

चहा चांगला कढत होता. तिनं पाय पुन्हा पाण्यात सारले.