पहाटे चार ते सहा अंधार ठेवणेबाबत

पृथ्वी वाचवायची तर माणूस पन्नाशीच्या आतला हवा, अशी दिल्लीच्या त्या जाहिरातीत अट होती. मला पन्नास पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते. आकाशातून पृथ्वीच्या वाटेवर येणारे दगड वेळेत हेरता यावेत म्हणून सरकार संशोधनाला निधी देणार होतं. बुलढाण्याच्या एका कॉलेजात पंचवीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून पार शिळ्या झालेल्या माझ्यासारख्या माणसाला खरं संशोधन करायची ही पहिली आणि शेवटची संधी होती. शिवाय लोणारला असाच दगड पडून झालेला खड्डा आमच्याच जिल्ह्यात, तेव्हा या कामावर आमच्याइतका हक्क कोणाचा, असंही मला मनातून वाटत होतं.

अर्ज कॉलेजमार्फत जायचा होता, म्हणजे हेडक्लार्कच्या टेबलावरून. त्यांनी विषय वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "सर, पृथ्वीचं संरक्षण म्हंजे हे झाडं लावायच्या योजनेत बसन." मी अर्धा तास समजावलं. मग ते 'लाभार्थी संख्या' या रकान्यावर अडले. तिथे मी 'पृथ्वीवरील सर्व सजीव' असं लिहिलं होतं. "असं मोघम चालत नाई सर. तालुकानिहाय पाह्यजे." शेवटी आम्ही जिल्ह्याचे तेरा तालुके ओळीने लिहिले आणि उरलेली पृथ्वी 'इतर'मध्ये टाकली.

माझी योजना साधी होती. मोठमोठ्या दुर्बिणी रात्रभर आकाश बघतात, पण सूर्याच्या बाजूने येणारा दगड त्यांना सापडत नाही. तो गाठायचा तर उजाडायच्या आधी, पूर्वेला, अगदी क्षितिजालगत बघावं लागतं. धाडजवळच्या माझ्या गावाबाहेर एक बरड टेकडी आहे, तिथून पूर्व पार खालपर्यंत मोकळी दिसते. अडचण एकच होती. टेकडी आणि पूर्व यांच्या बरोबर मध्ये, एसटीच्या थांब्याजवळ, गावाचा हायमास्ट उभा होता. उंच खांबावरचे ते पांढरेफक्क दिवे खाली पाडतात त्याहून जास्त उजेड आभाळात सांडतात. दुर्बिणीच्या जागी अंधार राहील असा ग्रामसभेचा ठराव अर्जाला जोडायचा होता. पहाटे चार ते सहा दिवा बंद ठेवायचा, एवढंच. त्या वेळी गावात कोणाला दिवा लागतो, असं मी धरून चाललो. गावी मी नेहमी जायचो, पण सकाळी दहाच्या आत कधी पोचलो नव्हतो.

अर्जाची मुदत संपायला चार दिवस असताना शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. मी सुटाबुटात गेलो होतो, हे आता सांगायलाही नको वाटतं. मी दगडांवर मोठं भाषण केलं. लोकांनी शांतपणे ऐकलं आणि मग मुद्द्याचे प्रश्न आले.

"गोटा वावरात पडला तं पंचनामा कोन करन? तलाठी का कृषी सहायक?"

"गारपिटीत धरतीन का त्याले?"

मागून एक म्हातारे उठले. "सर, तुमाले गोटा येताना दिसला, तं तुमी काय करसान?"

"दिल्लीला कळवीन."

"अन् दिल्ली?"

"ती पुढे कळवील."

"म्हंजे थांबवनार कोनीच नाई," असं म्हणून ते समाधानाने खाली बसले.

तरी वारं माझ्याच बाजूने होतं. गावचा पोरगा, गावाचं नाव दिल्लीला जाणार. सरपंचबाई हात वर करायला सांगणार, एवढ्यात बायकांच्या घोळक्यातून माझी आई उठली. आई सत्तरीची आहे. गावात धाकट्या भावाजवळ राहते आणि अजून मळ्यातली मेथी आणि सांबार स्वतः काढते. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. ती माझ्याकडे न बघता सरपंचबाईंना म्हणाली, "चार ते सहा आमी बाया काय करतो, ते मास्तरले इचारा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला माहीत नव्हतं.

"त्या दिव्याखाली जुड्या बांधतो," आई म्हणाली. "साडेसहाले जीप बजाराले निंगते. दिवा नोयता तवा अंधारात माह्या बोटावर इळा बसला. तवापासून अर्ज करून राह्यली होती, तवा कुठी हा दिवा आला. याचा गोटा कवा पडन, सांगता येते का?"

सरपंचबाईंनी नजरेनेच विचारलं. खोटं बोलता येईना. "शंभर वर्षांत पडणारही नाही कदाचित," मी म्हणालो.

"जीप रोज येते," म्हणून आई खाली बसली.

ते बोट मला माहीत होतं. ते पुरतं मिटत नाही. दारात सापडलं, असं तिने मला सांगितलं होतं, आणि मी ते मानून चाललो होतो. मला भयंकर लाज वाटली. त्याहून जास्त तिचा राग आला, कारण ती खरं बोलत होती आणि माझी शेवटची संधी हातची चालली होती.

मतं घेतली. पुरुषांचे हात भराभर ठरावाच्या बाजूने वर गेले. जुड्या त्यांना बांधायच्या नव्हत्या. मग विरोधात कोण, असं विचारल्यावर बायकांचे हात वर झाले आणि त्यांच्याबरोबर माझाही. माझं नाव अजून गावच्याच मतदार यादीत आहे.

मोजणारा ग्रामसेवक थांबला. "सर, ठराव तुमचाच आहे."

"माहीत आहे."

ज्याचा ठराव तोच विरोधात, हे पाहून अर्ध्याअधिक पुरुषांनीही बाजू बदलली. ठराव पडला.

बाहेर मी पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होतो. आई शेजारी येऊन उभी राहिली. "तुले उजेड वर नको, हाव ना? अन् आमाले तं खालीच पाह्यजे. मंग दिव्यावर वरून टोपलं काऊन झाकत नाई?"

पंचवीस वर्षं मी पोरांना प्रकाश आणि सावली शिकवतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी एका पायात बूट घालून तसाच आत पळालो. ग्रामसेवकाने वहीवर सह्या घेऊन ती मिटली होती. नवीन विषय पुढच्या सभेत, म्हणाला. खास सभा बोलवायची तर आठवड्याची नोटीस लागते, आणि माझ्याकडे चार दिवस होते.

मी परत येऊन तिला ते सांगितलं. आईने विचारलं, "पुढच्या साली?"

"पुढच्या साली मी पन्नाशी ओलांडलेला. घेत नाहीत."

ती माझ्या शेजारी पायरीवर टेकली. मग म्हणाली, "कालेजात इचारलं, दिल्लीले इचारलं, साऱ्या गावाले इचारलं. मलेच काऊन नाई इचारलं बे?"

मी खाली वाकून दुसरा बूट शोधू लागलो.