राखेनं धुतलेला फोटो

परभणीच्या उन्हाला सगळे शिव्या देतात. मी देत नाही, कारण माझा छंदच त्या उन्हावर चालतो. कागदाला रसायनांच्या दोन पुड्यांचं पाणी फासायचं, अंधाऱ्या खोलीत वाळवायचं, वर जुनी निगेटिव्ह ठेवून काचेखाली दाबायचं आणि गच्चीवर उन्हात ठेवायचं. मग साध्या पाण्यात धुतलं की कागदावर निळाशार फोटो उठतो. ना मशीन, ना वीज. बायको म्हणते, "जन्मभर फळा पांढरा केला, आता कागद निळे करा. घरात एक बादली धड ठेवली नाही या माणसानं!" बादलीचं खरं आहे.

हे सगळं मला शिकवलं सेलूच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरनं. मी त्यांना काका म्हणतो. मोबाइल आले आणि त्यांचा स्टुडिओ बसला. मी जिंतूरकडच्या एका खेड्यात मास्तर. एकदा शाळेच्या कामाला सेलूला गेलो आणि त्यांच्या ओट्यावर नुसता चहाला टेकलो, तर उठताना त्यांनी निगेटिव्हची अख्खी पेटी माझ्या हवाली केली. म्हणाले, "माणसं हायत यात. भंगारात जाऊ देऊ नको." त्यांचा पहिला धडाच असा होता : "तुमच्या बोअरचं पाणी खारं. खार निळं खाऊन टाकतो. धुताना लिंबू पिळत जा." मी आधी दहा-बारा कागद वाया घालवले आणि मगच लिंबू आणलं. माझं डोकं असंच आहे, ठेच लागल्याशिवाय ऐकत नाही.

त्या पेटीत एक निगेटिव्ह होती. पागोटं बांधलेला तरणा मेंढपाळ, खांद्यावर घोंगडी, हातात कोकरू. काकांना तो आठवत होता. बाजाराला आला होता, कोकरासकट आत शिरला, फोटो काढून घेतला, तो न्यायला पुन्हा फिरकलाच नाही. मी त्याचा छाप काढला आणि गच्चीवरच्या दोरीला चिमट्यानं अडकवला.

आमच्याकडे शेळीचं दूध घेऊन एक बाई येते. गावाच्या टोकाला राहते, चार शेरडं-मेंढरं राखते, कामं निघाली की कापूस वेचायला जाते. मी तिला मावशी म्हणतो. त्या दिवशी ती तांब्या घेऊन थेट गच्चीवर आली आणि दोरीजवळ थबकली.

"ह्ये इथं कसं काय, गुरुजी?"

"कोण?"

"आमचं माणूस." मग तिनं कोकराकडे बोट केलं. "आन ह्ये माझ्या माहेरच्या मेंढीचं. कानावर पांढरा ठिपका हाय बघा."

मी तिला काकांच्या पेटीची हकीकत सांगितली. तिचा नवरा पोरं रांगती असताना वारला होता. घरात त्याचा एक फोटो नाही. पोरं आता बापाएवढी झाली, पण बाप कसा दिसायचा ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी तो छाप तिच्या हातात दिला. पदर दुधानं ओला, कागद भिजेल म्हणून ती तो पदरात धरेना, तेव्हा मी शहाणपणा केला. म्हणालो, "मावशी, पाण्याला भिऊ नका. हा पाण्यातच जन्मलाय. धुतला की आणखी उठून दिसतो."

हे वाक्य मला पुढे फार महागात पडलं.

तिच्या दोन्ही पोरांना एकेक छाप द्यावा म्हणून मी पुन्हा बसलो. पावसाळी हवा, कागद नीट वाळेना, आणि मला दम कुठला? ओलसर कागदावरच निगेटिव्ह दाबली. ऊन पडलं, काच तापली आणि निगेटिव्ह कागदाला चिकटली. सोडवायला गेलो तर निगेटिव्हवरून त्या माणसाचं तोंडच सोलून निघालं. आता या जगात त्याचा एकच चेहरा उरला होता, तिनं घरी देवळीत देवांशेजारी ठेवलेल्या छापातला. आणि मी हे तिला सांगितलं नाही. दूध घेताना तिच्याकडे बघणं टाळायला लागलो.

नवरात्राच्या तोंडावर ती आली. तांब्या नव्हता, हातात फडक्यात गुंडाळलेला कागद होता. आमच्याकडे घटस्थापनेआधी देव घासतात. चांदीचे टाक काढायचे, चुलीतल्या राखेनं घासायचे, उजळले की पुन्हा मांडायचे. तिचा नवरा टाकांशेजारीच होता. तिनं देवांबरोबर त्यालाही आंघोळ घातली, राखेच्या पाण्यानं, बोटानं हळू हळू चोळून.

"तुमीच म्हणलाव ना, धुतला की उठून दिसतो? धुतला तर गेलाच की वो माणूस!"

फडक्यात फिक्कट पिवळा कागद होता. नीट बघितलं तर पागोट्याची कड तेवढी कळत होती. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उभी होती, आता मी दुसरा काढून देईन या भरवशावर.

मी काकांना फोन लावला. त्यांनी आधी मला यथेच्छ झापलं. मग म्हणाले, "राख म्हणजे खारच, निळं खाल्लं त्यानं. पण त्या पुडीत लोखंड असतंय, ते कागदात अजून हाय. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो का न्हाई? तसंच. कोरा चहा कडक उकळ, निवू दे आन त्यात बुडीव. बनी तो बनी, नही तो परभणी!"

बायकोनं लगेच चहाचा अख्खा डबा पातेल्यात रिकामा केला. त्या माउलीचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, इथं लिहितो. चहा निवला, परातीत ओतला, कागद सोडला. आम्ही तिघं परातीभोवती बसलो. काहीच होईना. तेव्हा मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं की निगेटिव्ह माझ्या हातून गेली, हा कागद उठला नाही तर दुसरा होणार नाही.

मावशी परातीकडे बघतच म्हणाली, "गेला तवा पोरं लहान व्हती. त्यांला बाप दिसला ना, गुरुजी? ते तुमच्यामुळंच." मी तिची क्षमा मागायला बसलो होतो आणि ती माझे उपकार मानायलीय!

"आवं, ठिपका!" बायको ओरडली.

आधी कोकराचा कान आला. मग पागोटं, मिशा, आणि सगळ्यात शेवटी डोळे. निळा रंग परत आला नाही. माणूस काळासावळा झाला, काळ्या रानात उन्हातान्हात राबणारा असतो तसा. मी कागद लिंबाच्या पाण्यात खंगाळला आणि घाबरत घाबरत म्हणालो, "मावशी, रंग बदलला."

ती त्याला अगदी जवळून बघत होती. "निळा व्हता तवर देवावानी वाटायचा," ती म्हणाली. "हात जोडायची मी, बोलायचं धाडस व्हईना. आसाच व्हता वो त्यो. काळा."

मग तिनं पदर सावरला आणि आम्ही दोघं तिथं नाहीच अशा थाटात फोटोवर डाफरली, "आवं, फोटो काढून ठिवला आन घरी सांगितलं बी न्हाई व्हय?"