ताई आणि मावशी

बालवाडी शिक्षिकेच्या कोर्सला सुलक्षणा आणि प्रांजल एकदमच लागल्या. प्रांजल पंधरा वर्षांनी लहान. सरावासाठी दोघी घाटकोपरच्या एकाच बालवाडीत जात, पण मुलं प्रांजलला ‘ताई’ म्हणत आणि सुलक्षणाला ‘मावशी’. मावशी म्हणजे लादी पुसणारी. कुणी प्रांजलला ‘ताई’ अशी हाक मारली की सुलक्षणाला ते टोचायचं.

एकदा एका आईने दारातूनच सांगितलं, “मावशी, इथे पाणी सांडलंय, पुसता का जरा?”

सुलक्षणा तडकली. “मावशी नाही, मी पण ताईच आहे. प्रांजलसारखी शिकायला आलेय!”

आई ओशाळली. मात्र रोज सुलक्षणाच्याच मांडीवर बसून डबा खाणारी चिमुरडी ओवी आज डबा घेऊन प्रांजलकडे गेली.

“अगं, तुझी मावशी तिकडे आहे ना?” प्रांजल हसून म्हणाली.

“ती आता ताई झाली,” ओवी रडवेली झाली. “माझी मावशी कुठे गेली?”

सुलक्षणाने प्रांजलच्या मांडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या रिकाम्या मांडीकडे.

“इथेच आहे गं मावशी. ये.”

ओवी धावत आली, मांडीवर बसली आणि प्रांजलला हात हलवत म्हणाली, “टाटा, ताई!”

सुलक्षणाला पुन्हा टोचलं. तिने ओवीसाठी पोळीचा घास मोडला.