तुरटी फिरवलेलं पाणी

“तुरटी आण गं, पोरीचं पाणी भरायचंय,” असं मासे विकणारी मावशी शेजारणीला म्हणाली आणि आज पहिल्यांदाच झोपडीमागे आलेली मी जागीच थबकले.

मांडवगणजवळ भीमेच्या फुगवट्यात, म्हणजे बंधाऱ्यामागे तुंबलेल्या पाण्यात, मासे मरून काठाला लागत होते. ते का मरतात, हे शोधायला आमच्या पुण्याच्या कॉलेजने पाणी तपासायला घेतलं होतं. मला पोहता येत नव्हतं, म्हणून ही मावशी दर महिन्याला होडीतून आतलं पाणी आणायची. मी बाभळीखाली थांबायचे. ती झोपडीमागून यायची, बाटली पदराने पुसून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरायची. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे तिच्याशी बोलायला मी बिचकायचे, नुसती मान हलवायचे. पाणी चांगलं असल्याचा अहवाल दर वेळी यायचा आणि मासे मरतच राहायचे.

आज माझ्या डोळ्यांदेखत तिने नदीचं पाणी फडक्यातून गाळलं, त्यात तुरटी फिरवली आणि गाळ खाली बसायची वाट बघत बसली.

“मावशी, दर वेळी असंच करता?”

“मग! पुण्याला जातंय पाणी. घाण दिलं तर गावाला नावं ठिवतील की.”

शेजारीण हसली. “घरी प्यायला बी एवढं करत न्हाई ही!”

शेजारी ठेवलेल्या तिच्या माशांच्या टोपलीचा तळ दिसत होता. मी तिच्या हातातली बाटली घेऊन रिकामी केली आणि म्हणाले, “मावशी, मला घाणच पाणी द्या.”