पेपर प्लेट्स तू आण

वहिनींनी भांडं माझ्या हातून घेतलं नाही. "तिकडे ठेव हं, वॉशिंग मशीनपाशी," म्हणाल्या.

२००४ सालची दिवाळी. लंडनच्या स्टॅनमोर भागातलं त्यांचं घर. त्यांचा नवरा आमच्या हॉस्पिटलात मोठा डॉक्टर, मी तिथे नवीन नर्स. मराठी मंडळी जमायची, प्रत्येकीने घरून एक पदार्थ करून आणायचा. मी भरली वांगी नेली होती. दारातच वहिनींनी आडनाव विचारलं. मग गाव. मग "अच्छा" म्हणून हसल्या.

निघताना भांडं तिथेच. वरचं फॉइलसुद्धा कुणी काढलं नव्हतं.

"टेबलावर जागाच नव्हती गं. पुढच्या वेळी पेपर प्लेट्स तू आण. तुझ्या शिफ्ट्स असतात, दगदग नको."

आणल्या. पाडव्याला, गणपतीला, पुन्हा दिवाळीला. परक्या देशात आपली माणसं तुटायला नकोत म्हणून.

घरी वांगी भरायला घेतली की मेलेली आई मागे येऊन उभी राहायची. गावच्या पंगतीत तिला सगळ्यांच्या शेवटी, उकिरड्याच्या बाजूला बसवायचे. माझ्या हातांकडे नुसती बघायची. मी वांगी करणंच सोडलं. तरी ती यायचीच.

फेब्रुवारीत आमच्या वॉर्डमधल्या मारिसेलने सगळ्यांसाठी भात आणि चिकन आणलं. तिच्या देशात, फिलिपिन्समध्ये, त्या दिवशी सुट्टी असते. लोकांनी रस्त्यावर उतरून हुकूमशहाला पळवून लावलं, त्याची. ती तेव्हा शाळेत होती. आईबरोबर रणगाड्यांपुढे बसली होती.

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण आईने सैनिकांना भात दिला. ते खायला लागले."

बंदुका घेऊन आलेल्यांनी तिच्या आईच्या हातचं खाल्लं. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर रडले. दुःखाने नाही, संतापाने.

पाडव्याआधी वहिनींचा फोन आला. "प्लेट्स विसरू नकोस हं."

"वहिनी, मी भरली वांगी आणतेय."

"अगं, सगळ्यांना नाही चालत."

"काय नाही चालत?"

मग म्हणाल्या, "हे बघ, लंडनमध्ये कोण जात मानतं? उगाच विषय वाढवू नकोस."

जात हा शब्द मी उच्चारलाही नव्हता.

पाडव्याच्या सकाळी वांगी शिजत होती. आई मागे उभी होती. मी वळून तिला सांगितलं, "आज भांडं जेवणाच्या टेबलावर ठेवणार आणि शेजारी उभी राहणार. कुणी खावो, न खावो. उचलायचं असेल तर त्यांनी सगळ्यांदेखत हात लावून उचलावं."