केशरबाईचे आगाऊ आभार

माझ्या आईने देवाचे आभार कधी वेळेवर मानलेच नाहीत. नेहमी आधीच मानले! काम अजून व्हायचंय, होईल की नाही याचा पत्ता नाही, आणि आमच्या घरी मात्र चटया अंथरलेल्या, खीर चुलीवर, आणि पाळकसाहेब एसटीतून उतरतायत.

कुंभार पिंपळगावात आमची ख्रिस्ती घरं मोजून पाच. चर्च नव्हतं, गावात पाळकही नव्हते. जालन्याहून पाळकसाहेब महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अकराच्या गाडीने यायचे आणि चारच्या गाडीने परत जायचे. तेवढ्या वेळात उपासना, आजाऱ्यांसाठी प्रार्थना, नवरा-बायकोची भांडणं आणि जेवण, सगळं उरकायचं. कुणाच्या घरी काही चांगलं घडलं की त्या घरी उपकारस्तुती व्हायची, म्हणजे सगळ्यांना बोलावून देवाचे आभार मानायचे, खाऊ घालायचं. पण त्यासाठी पाळकसाहेबांच्या डायरीत महिनाभर आधी नाव घालावं लागे. बाकीची चार घरं शहाणी होती. काम झालं की नाव घालायची.

आई म्हणायची, "काम झाल्यावर डायरी, मंग म्हैनाभर वाट. देवाला काय ताटकळत ठेवायचं? त्यानं बराबर टायमाला द्यायचं, अन् आपण म्हैन्यानं आभार मानायचे व्हय?"

गल्लीत सगळ्यांत बोलघेवडी मी, पण मीही हो म्हणून गहू निवडायला बसायचे.

छपराचे पत्रे यायच्या आधी तिने उपकारस्तुती ठेवली. पत्रे आलेच नाहीत. भर उन्हाळ्यात लोक नुसत्या वाशांखाली बसले आणि पाळकसाहेबांनी डोक्यावर टॉवेल घेऊन प्रार्थना म्हटली. पत्रे चौथ्या दिवशी आले. पुढे शेळी व्यायच्या आधी ठेवली, तर आदल्याच दिवशी दोन्ही करडं मेलेली निपजली. आईने खीर केलीच, आणि उभी राहून शेळी जगली म्हणून आभार मानले. तेव्हापासून गावात म्हणच पडली, केशरबाईचे आभार आधी अन् काम मागून.

बाबांचं नाव कडूबा. अंकुशनगरच्या साखर कारखान्यात हंगामी कामाला असायचे, गाळप संपलं की घरी. बोलणं फार कमी. उपासनेत एकेकाने उभं राहून साक्ष द्यायची असते, देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं असतं. बाबा झांजा मन लावून वाजवायचे, पण साक्षीची पाळी जवळ आली की झांजांच्या दोरीची गाठ सोडवत बसायचे. ती गाठ वर्षानुवर्षं सुटली नाही.

एकोणीसशे एकोणनव्वदच्या ऑगस्टमध्ये माझा नंबर लागला.

मी एस्तेर. गावाच्या तोंडी इस्तर. सतरा संपलेली, दहावी पास, आणि जालन्याच्या एका नर्सिंगच्या शाळेत मुलाखत देऊन आलेली. जागा तीस. नाव लागलं तर तीन वर्षं जालन्यात, अंगावर पांढरा गणवेश, पुढे स्वतःचा पगार. नाही लागलं तर कचरूमामाने आणलेलं स्थळ. मुलगा अंबडचा, सायकलचं दुकान, स्वभावाने गरीब. मुलात खोट काहीच नव्हती. मला फक्त त्या दुकानाच्या मागच्या खोलीत म्हातारं व्हायचं नव्हतं. बाबांनी मामाला शब्द देऊन ठेवला होता: नाव नाही लागलं तर नाताळ झाल्यावर लग्न.

आणि आईने डायरीत नाव घातलं. कशाबद्दल? एस्तेरचं नर्सिंगला नाव लागल्याबद्दल!

"माय, पत्र तरी येऊ दे की!"

"येऊन राह्यलं. वाटंत असंल."

"अन् नाव न्हाई लागलं तर?"

"पोरी, गहू सगुणाबाईकडून आणू का दुकानातून?"

असं उत्तर. मी भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं. कारण एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. मुलाखतीत मॅट्रनबाईंनी विचारलं होतं, नर्स का व्हायचंय? आधीच्या मुली सेवा, दया, प्रभूची हाक असं गोड गोड बोलून बाहेर आल्या होत्या. मीही पाठ करून गेले होते. पण ऐन वेळी तोंडातून निघालं, "लग्न टाळायचंय, बाई." समोर तिघं बसलेली. एकाने चष्मा काढून पुसला. मॅट्रनबाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "बरं. ये आता." घरी येऊन मी सांगितलं, मुलाखत एकदम चांगली झाली.

आता आई दारोदार बोलावणं करत फिरायला लागली, आणि ती एका घरी जाऊन आली की मी मनात मोजायचे, आता एवढ्या लोकांसमोर फजिती. ख्रिस्ती चार घरं तर झालीच, पण तिने आमची सगळी गल्ली बोलावली. सगुणामावशी शेजारच्या. आई त्यांच्याच शेतात खुरपायला जायची. त्यांनी गहू दिला, मोठं पातेलं दिलं, वर विचारलं, "केशर, आमी काय म्हणायचं असतंय तुमच्या देवाला?" आई म्हणाली, "काई न्हाई, शेवटी सगळे आमेन म्हंतेत, तेवढं म्हणा." पेटी मारुतीच्या देवळातल्या भजनी मंडळाकडून आली. दरवेळी तिथूनच यायची. पेटीला काय कळतंय कुणाचं भजन आहे ते!

शनिवारी शेवटची डाक. मी बाराच्या आधीच पोस्टात जाऊन उभी. एसटीतून थैली आली, पोस्टमास्तरांनी ती उलटी केली, पत्रं लावली. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. एक कार्ड, दोन मनीऑर्डरी, पाच-सहा लिफाफे. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "न्हाई बाई, इस्तर."

मी धावत घरी आले. अंगणात आई आणि सगुणामावशी समोरासमोर बसून उखळात खिरीचा गहू कांडत होत्या. एकीचं मुसळ वर, एकीचं खाली. ते बघून माझं डोकंच फिरलं.

"पत्र आलं न्हाई! रद्द कर सगळं!"

आईचं मुसळ थांबलं नाही. "कांडलेला गहू परत पोत्यात जात न्हाई. अन् बातमी पोस्टानंच यावी असं कुठं लिव्हलंय? पाळकसाहेब शाळेतून चौकशी करून येतेत. मी सांगून ठिवलंय त्यांना."

म्हणजे आता बातमी येणार ती भर सभेत! चाळीस माणसांसमोर! मी त्या दिवशी कुणाशी बोलले नाही. माझ्यासाठी ही शिक्षाच होती. बाकीच्यांना जरा शांतता मिळाली.

रविवार उजाडला तो धावपळीतच. चटया आल्या, कुणीतरी पताका लावल्या, नाताळची चांदणीसुद्धा माळ्यावरून काढून दाराला टांगली. ऑगस्टमध्ये! बाबांनी झांजा घासूनपुसून लख्ख केल्या. कचरूमामा अंबडहून आला, नवं धोतर, चेहऱ्यावर सोयरीक जमल्याचा तजेला. दहापासून माणसं यायला लागली. घर भरलं, ओसरी भरली, पोरं दाराच्या उंबऱ्यावर. सगळ्यांना माझ्याकडे बघून हसायचं होतं. "काय सिस्टरबाई, आमाला सुई दुखंल अशी देऊ नका!" मी हसत होते, आणि एक डोळा गल्लीच्या तोंडाकडे ठेवून होते. कोण जाणे, मॅट्रनबाईंना खरं बोलणारी मुलगी आवडली असेल! कुणी सांगावं! मी देवाशी मुलाखतीपेक्षा बरं बोलले त्या सकाळी.

अकराची गाडी आली. मी खिडकीशी उभी. पाळकसाहेब छत्री आणि पिशवी सांभाळत गल्लीत शिरले. दाराबाहेर रांजणापाशी आई त्यांच्या पायांवर पाणी घालायला तांब्या घेऊन उभी होती. एका पायावर पाणी घातलं. पाळकसाहेब वाकून तिला काहीतरी बोलले. दोनच शब्द असतील.

आईचा तांब्या तसाच हातात राहिला. मग तिने दुसऱ्या पायावरही नीट पाणी घातलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आत येऊन म्हणाली, "चला, पेटी लावा. जल्दी."

मला कळलं. कुणी सांगायची गरज उरली नाही.

तीन गाणी झाली. आई सगळ्यांत मोठ्याने गायली, आणि तिचा सूर पेटीला कधीच सापडायचा नाही. पाळकसाहेब ओळी चुकत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात, खिरीच्या वाफेत उभी, आणि मला आईचा इतका राग आला होता की विचारू नका. ही आता कुणाला काही सांगणारच नाही! शेळीचं केलं तसंच करणार. पोरगी जगली म्हणून आभार मानणार!

साक्षीची वेळ आली. आई सगळ्यांच्या आधी उठली.

"इस्तरचं नाव लागलं न्हाई," ती म्हणाली.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. उंबऱ्यावरच्या पोरांच्यासुद्धा.

"तुमी म्हंता, केशरबाईचा इस्वास लई मोठा. काई मोठा न्हाई. मी भेते. पत्र्याच्या टायमाला भेल्ते, शेळीच्या टायमाला भेल्ते, अन् ह्या म्हैन्यात तर घास ग्वाड लागला न्हाई मला. पोरीनं सांगितलं मुलाखत चांगली झाली, पर तिचं तोंड मला दिसत व्हतं." तिने एकदा माझ्याकडे बघितलं. "चांगलं झालं तर ते मला एकटीला बी पेलतं. वाईट पेलत न्हाई. अन् वाईट झाल्यावर कुणाला बोलवायला जायचं म्हणलं तर पाय उचलत न्हाई. म्हणून मी आधीच बोलावून ठेवते. काय द्यायचं ते देव ठरवील. घर भरलेलं ठेवायचं, तेवढं मपल्या हातात हाय. आज पोरीचं मन मोडलं, अन् बघा, घरात चाळीस माणसं हायेत. त्याचे आभार मानते."

ती खाली बसली. पदर तोंडाला लावला.

इतकी वर्षं मी तिला हट्टी समजत होते. देवाचा हात पिरगाळून काम करून घेणारी बाई, असं मी मैत्रिणींना चेष्टेने सांगायचे. आणि ही तर माझ्याइतकीच घाबरलेली होती! महिनाभर एका चुलीपाशी बसून आम्ही दोघी एकमेकींपासून भीती लपवत होतो. मला रडू फुटलं, आणि त्या रडण्यातच मी ओरडले, "माझ्यामुळं झालं! मॅट्रनबाईंनी विचारलं नर्स का व्हायचंय, अन् मी म्हणलं लग्न टाळायचंय म्हणून!"

आधी सगुणामावशींना हसू फुटलं. त्यांनी तोंडावर हात दाबला, पण हसू बोटांमधून बाहेर आलं, आणि मग सगळं घर हसायला लागलं. पाळकसाहेब पेटीवर डोकं टेकून हसले, तर पेटीनेही आवाज काढला. आई पदरात तोंड खुपसून हसत होती की रडत होती, देव जाणे. मीही हसायला लागले. नाव न लागल्याच्या दिवशी मी एवढी हसेन असं कुणी सांगितलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. फक्त कचरूमामा नव्या धोतराची घडी चाचपत बसला होता.

आणि तेवढ्यात बाबा उठले.

हसणं थांबलं. बाबांना साक्षीला उभं राहिलेलं कुणी बघितलंच नव्हतं. झांजा हातातच होत्या, त्या ते छातीशी धरून उभे राहिले.

"कचरूराव," बाबा म्हणाले, "म्या तुमाला शब्द दिल्ता. बिलकुल दिल्ता. त्यो आज चार माणसांत मागं घेऊन राह्यलो. पोरगी पुढल्या साली परत मुलाखतीला जाईल. जाण्यायेण्याचा खर्चा माझा. तुमी राग धरू नका." जरा थांबून त्यांनी पुढे म्हटलं, "घरात एवढी माणसं नसती तर माझ्यानं हे बोलणं झालं नसतं. आभार."

आणि ते बसले.

"आमेन!" सगुणामावशी एवढ्या जोरात म्हणाल्या की बाहेरची शेळी ओरडली. शेवटी म्हणायचं असतं, हे त्या विसरल्या होत्या. पण त्यांच्यामागून सगळं घर म्हणालं.

मामा रुसला, पण खिरीची दुसरी वाटी येईपर्यंतच. मीच वाढली त्याला, वर तूप घालून. त्याने वाटीतच बघत विचारलं, "पुढल्या साली तरी बाई काय ते नीट बोलशील का?" मी म्हटलं, "बोलीन मामा." पुढच्या वर्षी माझं नाव लागलं.

आता पंधरा वर्षं झाली मला वॉर्डात काम करताना. आत ऑपरेशनला घेतलेलं माणूस कधीकधी वाचत नाही, आणि बाहेर बाकावर त्याची बायको नाहीतर आई एकटीच बसलेली असते, पिशवी घट्ट धरून. डॉक्टर सांगायला निघाले की मी त्यांना दारातच थांबवते. बाईला विचारते, घरून कोण कोण आलंय? कोणी चहाला गेलेलं असेल तर बोलावून आणते. कोणीच आलेलं नसेल तर मी तिच्या बाजूला बसते, तिचा हात हातात घेते, आणि मग डॉक्टरांना म्हणते, आता सांगा.